पाटीवरचं फूल

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी जावा बसल्या होत्या. थोरलीच्या डोळ्यात पितळेचा कण गेला होता.

"वहिनी, कोरायच्या मशीनजवळच चष्मा ठेवला होता. तो तरी घालायचा."

"तुझा चष्मा मी घालू?"

"आणि केवढं दाबलंत! टोक गरागरा फिरतं, तेच काम करतं. आपण नुसतं हलकं टेकवायचं."

"झालं, लागली शिकवायला! सासूबाईंनी डोक्यावर बसवून ठेवलंय ना. येईल त्याला दारावरची नावांची पितळी पाटी दाखवतात, 'आमच्या धाकटीनं कोरलीय हो!' त्याच दाराची कडी मी इतकी वर्षं लख्ख घासतेय, ती नाही कधी कुणाला दाखवली."

"म्हणून मशीन हातात घेतलंत?"

"पाटीवर एक फूल काढत होते. तेवढाही हक्क नाही मला?"

"आहे की. पण एवढी मोकळी जागा सोडून फूल नेमकं माझ्या नावावर?"

"हात सटकला."

"तीनदा?"

"डोळा फार चुरचुरतोय गं."

"असू दे. पुढच्या वेळी चष्मा घाला, केस घट्ट बांधा आणि हलक्या हातानं फिरवा. बाकीच्या पाटीला ओरखडाही न पडता माझं नाव स्वच्छ निघेल."