कवट्यांच्या कापडाचं दुपटं

मंडळी, एक विचारू? घरात कुणी मरणाचं नाव काढलं, की आपण लगेच डाफरतो — "शुभ बोल रे!" मग टोपीवर कवटी, ओढणीवर कवटी, गोधडीच्या कापडावर कवटी — हे हौसेनं विकत घेतं कोण? आपणच! ज्याची भीती, तेच अंगावर मिरवायची ओढ माणसाला का? पोथ्या पुष्कळ चाळल्या. महादेवाच्या गळ्यातली रुंडमाळ सापडली. पण देवाचं ठीक आहे हो, त्याला कोण विचारणार! कॉलेजातल्या पोरीचं काय? ते पोथीत मिळेना, म्हणून गोष्ट सांगतो. चुकलं तर पदरात घ्या.

कागलकडच्या एका गावात अनसाक्का राहायची. तिची सून शेवंता. शेवंताची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा मुलगा झाला — पण ऐका! ती त्याला पाजायची, थोपटायची, तोंडाकडे मात्र बघायची नाही. नजर भिंतीवर!

"बघितलं की जीव जडतो, आत्या," एवढंच म्हणायची.

अनसाक्काच्या काळजाला घरं पडली. आता आपल्याकडे रीत आहे — लेकरं जगत नसली, की नव्या जिवाला नवं कापड नाही. पाच घरी पदर पसरायचा, चिंध्या मागायच्या, त्यांचं दुपटं शिवायचं. भिकेचं लेकरू म्हणून यम ढुंकून बघत नाही! आणि नेम असा, की मिळेल ते घ्यायचं. नको म्हणायचं नाही.

अनसाक्का निघाली. कुठं लुगड्याचा काठ मिळाला, कुठं धोतराचा तुकडा. पाचवं घर ऋतुजाचं. कॉलेजातली पोर धावत आत गेली, कात्री चालवून आली, आणि पदरात टाकलं — काळंभोर कापड, त्यावर पांढऱ्याशुभ्र कवट्या!

"अगं बये! बाळंतिणीच्या खोलीत मढ्याची डोकी?"

"आक्का, माझा सगळ्यात आवडता स्कार्फ आहे तो. निम्मा दिला तुम्हाला!"

दुसरी कुणी तणतणत गेली असती. अनसाक्का उंबऱ्यावरच बसली. "यात आवडण्यासारखं काय आहे गं? सांग तरी."

ऋतुजा लाजली. "खरं सांगू? मी लई भित्री. एसटी स्टँडवर टगी पोरं टकामका बघायची. हा गुंडाळला, की त्यांची नजर आधी याच्यावर जाते. आणि याचं तोंड बघा की! गोरं नाही, काळं नाही, बाईचं नाही, बुवाचं नाही. याला कोण नावं ठेवणार?"

अनसाक्का चमकली. नजर आधी याच्यावर? अगं, ही तर काजळाची तीट! लेकराच्या गालाला काळं आपणही लावतोच. लावतो की नाही? बोला की!

पटलं हो, पण धीर होईना. तिनं तो तुकडा तोंड आत करून शिवला, वर मऊ लुगडं घातलं. नेमही मोडला नाही, आणि दिसतही नाही! आहे की नाही हुशारी? आपल्यासारखीच!

बारशाच्या सकाळी शेवंतानं दुपटं खिडकीशी धरलं. विरलेल्या लुगड्यातून काळं दिसलं.

"आत्या, आत काय आहे?"

"काही नाही गं. अस्तर."

"मग माझ्याकडे बघून बोला की."

अनसाक्काला बघवेना. शेवंतानं टाका दातानं तोडला, दोरा ओढला — आणि कवट्या बाहेर! अनसाक्काचा हात तोंडावर गेला. पोर भुकेनं कुरकुरत होतं. शेवंता मात्र बघतच राहिली.

"मी रोज डोळे मिटले की हेच दिसतं, आत्या," ती म्हणाली. "पण इतकं दात काढून हसत नव्हतं! मामंजींसारखं दिसतंय की!"

"मेले, सासऱ्याला कवटी म्हणतेस?" अनसाक्काला रडताना हसू फुटलं.

तेवढ्यात पोरानं भोकाड पसरलं. शेवंताची नजर कवटीच्या दातांवरून सरळ त्या उघड्या तोंडात गेली.

"अगं बाई! आणि याला एकसुद्धा दात नाही!"

बघितलं, मंडळी! आईनं लेकराचं तोंड बघितलं! मग कपाळ बघितलं, नाक बघितलं, कानाची पाळी बघितली. बायका पाळण्याशी खोळंबल्या, तरी तिचं बघणं सरेना.

पोर जगलं का, हे तुमच्या ओठांवर आलंय. जगलं. पण ते त्या कापडानं जगलं, असं मी म्हणणार नाही. तेवढं मला ठाऊक नाही. एवढंच विचारतो — भीती आत तोंड करून शिवताना आपण जिवाभावाच्या कुणाकडे बघायचं सोडलंय? घरी जाल, तेव्हा आधी त्याच्याकडे बघा. डोळे भरून बघा!