धुतलेली मालगाडी

ऋजुता : कशानं धुतलेत एवढंच सांगा मला, आई. साबणानं की नुसत्या पाण्यानं?

लीलावती : नुसत्या पाण्यानं कसा निघणार होता तो मळ? भांड्यांचा साबण घेतला, कोमट पाणी घेतलं, अन् माझ्या मिलिंदचा जुना टूथब्रश होता नं, त्यानं कोपरे काढले. पाहा कसे चकाचक झाले. तुझ्या ह्या छोट्या आगगाडीचे अकराच्या अकरा डबे.

ऋजुता : अकराही?

लीलावती : मोजून. खिडकीत टॉवेलावर वाळत घातले. त्या तापणाऱ्या रेडिएटरवर नाही ठेवले हो. प्लास्टिक आहे म्हटलं, वाकायचं.

(ऋजुता एक डबा उचलून खिडकीच्या उजेडात धरते.)

लीलावती : अशी काय पाहून राहिली? रंग नाही गेला त्यांचा. राखाडी तसाच आहे.

ऋजुता : तो राखाडी रंग दुकानातल्या डबीतला आहे, आई. त्याच्यावर जे होतं ते मी केलं होतं.

लीलावती : त्याच्यावर तर धूळ होती.

ऋजुता : ती मी लावली होती.

लीलावती : धूळ लावली होती?

ऋजुता : धूळ, गंज, काजळी. चाकांच्या वरती चिखलाचे शिंतोडे. आणि हे तीन गुरांचे डबे, ह्यांच्यावर पांढरे ओघळ होते.

लीलावती : ते मला वाटलं कबुतरानं केलं.

ऋजुता : आपल्या ह्या वरच्या छोट्या खोलीत कबुतर कुठून येईल?

लीलावती : मी काय सांगू बाप्पा! तुमच्या ह्या ब्रिस्टलात छपरावर बसून दिवसभर केकाटतात ते पांढरे, मोठे मोठे. आला असेल एखादा.

ऋजुता : ते सीगल, आई. आणि हा चुना होता. आयर्लंडमध्ये गुरं उतरवली की डबा चुन्याच्या पाण्यानं धुवायचे, रोग पसरू नये म्हणून. त्याचे ओघळ. एकेक ओघळ सुईच्या टोकानं ओढला होता मी. अनिश दुपारी झोपतो तेवढ्या वेळात. कधी चाळीस मिनिटं, कधी पंचवीस. एका डब्याला दोन-दोन दुपारी.

लीलावती : म्हणजे धुवायचे डबे ते लोक पण.

ऋजुता : आई, प्लीज.

लीलावती : नाही, मी आपलं म्हटलं.

ऋजुता : वार्निशचा एक हात मारला असता तर साबणानं काही झालं नसतं. मंगळवारी मारणार होते. मंगळवारी अनिशला ताप. बुधवारी ताप. काल दाताची रडारड. आज मारणार होते, तर आज मी आंघोळीला गेले आणि तुम्ही...

लीलावती : मी तुझं काम हलकं करायला गेली. दोन महिने झाले मला इथं येऊन. कपडे मशीन धुते, भांडे मशीन धुते, पोरगं तुझ्याशिवाय कोणाकडे राहत नाही. मी करू काय? म्हटलं, हे तरी धुऊन ठेवावं.

ऋजुता : रुळांना तर काही केलं नाहीत ना?

लीलावती : कोरड्या फडक्यानं पुसले.

ऋजुता : ते चालतं. ते पुसावेच लागतात, नाहीतर करंट जात नाही.

लीलावती : घ्या! एक तरी बरोबर केलं मी.

ऋजुता : नशीब. त्या रुळांना दीड वर्ष गेलंय माझं. आयर्लंडचे रूळ इंग्लंडपेक्षा रुंद असतात, पाच फूट तीन इंच. दुकानात मिळतात ते अरुंद. म्हणून सगळे हातानं केले. अनिश पोटात असताना सोल्डरिंग बंद केलं, धूर नको म्हणून. तेव्हा नुसते रुळांखालचे लाकडी स्लीपर कापत बसायचे. काडेपेटीच्या काडीएवढे.

लीलावती : दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे. कोण मोजायला बसलंय?

ऋजुता : उद्या मोजायलाच येणार आहेत लोक.

लीलावती : कुठं?

ऋजुता : प्रदर्शनाला. मॉडेल रेल्वेच्या. मिलिंदनं सांगितलं नाही तुम्हाला?

लीलावती : शनिवार-रविवार तुला काही कार्यक्रम आहे म्हणाला.

ऋजुता : कार्यक्रम! आमच्या क्लबचं वर्षातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन आहे. मला पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळालंय. सकाळी सातला क्लबमधला रॉबर्ट व्हॅन घेऊन येणार, दहाला दारं उघडणार.

लीलावती : अन् तिथं लोक मळकट गाड्या पाहायला येतात?

ऋजुता : हो.

लीलावती : तिकीट काढून?

ऋजुता : तिकीट काढून.

लीलावती : मग तू असं कर. उद्या म्हणायचं, ही पहिल्या दिवसाची गाडी आहे. नवीकोरी. कोण भांडते तुझ्याशी?

ऋजुता : पहिला दिवस अठराशे चोपन्न सालचा. हे इंजिन तेव्हा जन्मालासुद्धा आलं नव्हतं. माझी गाडी शेवटच्या दिवसाची आहे, आई. तीस सप्टेंबर एकोणीसशे सत्तावन्न. त्या दिवशी सरकारनं अख्खी लाइन बंद केली. परवाच्या रविवारी बरोबर पन्नास वर्षं होतात. म्हणून तर मला टेबल दिलंय. आणि शेवटच्या दिवशी मालगाडीचे डबे कोण धुऊन ठेवतं?

लीलावती : मी धुतले असते.

ऋजुता : हो, ते दिसतंय.

लीलावती : इंजिनाला नाही लावला हात. आत वायरी दिसल्या.

ऋजुता : तेच तर. आता इंजिन कोळशात लोळलेलं आणि मागे अकरा डबे लग्नाला निघालेले. हसू नका!

लीलावती : नाही हसत. तूच बोलली तसं.

ऋजुता : मिस्टर मॅगॉवन येणार आहेत उद्या. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. ह्याच लाइनवरच्या एका स्टेशनावर हमाल होते, लाइन बंद होईपर्यंत. लेक इथे जवळच राहते, ती घेऊन येणारेय व्हीलचेअरवरून. त्यांनी मला पत्रं लिहून सांगितलंय सगळं. दाराला हात लागून लागून रंग कुठे उडायचा, पाणी कुठे गळायचं. चार पत्रं. हात थरथरतो त्यांचा, एक पान लिहायला दोन दिवस लागतात. त्यांना मी काय दाखवू? हे?

(फोन वाजतो. ऋजुताच्या दोन्ही हातांत डबे आहेत, म्हणून लीलावतीबाई स्पीकरचं बटण दाबतात.)

मिलिंद : ऋजू, ऐक ना. बॅड न्यूज. एडिनबराचं काम अडकलंय. तीनची फ्लाइट नाही जमणार, रात्री नऊची घेतलीय.

ऋजुता : आज पाचपासून तू अनिशला बघणार होतास.

मिलिंद : आय नो, आय नो. पण आई आहे ना घरी.

ऋजुता : मी घरात असले की तो आईंकडे राहत नाही. माझी चाहूल लागली तरी संपलं. महिनाभर आधी सांगितलं होतं मी तुला. एक संध्याकाळ मागितली होती.

मिलिंद : अगं, मी काय मुद्दाम केलं का? आणि तुझं झालंय ना ऑलमोस्ट सगळं?

ऋजुता : डबे धुतले गेले.

मिलिंद : कुठले डबे?

ऋजुता : मालगाडीचे. साबणानं. धूळ, गंज, सगळं वेदरिंग गेलं.

मिलिंद : ओके. पण म्हणजे... क्लीन झाले, तुटले तर नाहीत ना? मग तसेच ने. दोन दिवसांचा शो, कोणाला कळणारेय?

ऋजुता : ज्यांना कळतं तेच येतात तिथे, मिलिंद.

मिलिंद : बरं बरं. पण आईवर ओरडू नकोस हां. तिला वाटलं असणार की अनिशसाठी...

ऋजुता : अनिशसाठी काय?

मिलिंद : काही नाही. आपण घरी आल्यावर बोलू.

लीलावती : अरे, काही नाही काय? तूच तर फोनवर सांगितलं होतं मला. ऋजुता बाळासाठी आगगाडी करून राहिली, वाढदिवसाला देणार म्हणून. तेवढ्यासाठीच तर धुतले मी! हातात आलं की तोंडात घालतो तो. म्हटलं, पोटात जाईल सगळा मळ.

ऋजुता : तू असं सांगितलंस?

मिलिंद : स्पीकरवर आहे का मी?

लीलावती : आहे.

ऋजुता : मिलिंद, तू असं सांगितलंस?

मिलिंद : अगं, नागपूरला सगळे विचारत होते. कमलाकरकाका तर दर फोनला. सूनबाई खोलीत बसून काय करते? मी काय सांगायला हवं होतं? मॅटर्निटी लीव्हवर घरी आहे आणि आयरिश मालगाड्या बनवते?

ऋजुता : हो. एवढंच सांगायचं होतं.

मिलिंद : हसले असते गं लोक.

ऋजुता : हसू द्यायचे होतेस. काका पत्ते खेळतात चार चार तास, ते सांगतोस ना न लाजता?

मिलिंद : ते वेगळं आहे.

ऋजुता : काय वेगळं आहे?

मिलिंद : आई, तू तरी समजाव तिला.

लीलावती : माझ्या तोंडून तू चार लोकांत खोटं बोलवलं. मी माझ्या बहिणीला, अरुणाला सांगितलं, शेजारच्या राजश्रीला सांगितलं, सून नातवासाठी गाडी करते म्हणून. तू नऊच्या विमानानं ये, दहाच्या ये, तुझी मर्जी. ठेव आता.

मिलिंद : आई, अगं...

लीलावती : ठेवला मी. हे लाल बटणच दाबायचं नं?

ऋजुता : हो.

लीलावती : म्हणजे ही गाडी अनिशची नाही.

ऋजुता : नाही.

लीलावती : मोठा झाल्यावर?

ऋजुता : तेव्हाही नाही. बघू देईन. हात लावू देणार नाही.

लीलावती : मग कोणासाठी आहे?

ऋजुता : माझ्यासाठी.

लीलावती : तू पण कधी बोलली नाही मला.

ऋजुता : तुम्ही कधी विचारलं नाहीत.

लीलावती : बाळासाठी आहे म्हटल्यावर विचारायचं काय उरतं? ... अन् आयर्लंडचीच काऊन? तुझं कोण आहे तिथं?

ऋजुता : कोणी नाही. दोन हजार दोनला पहिली नोकरी बेलफास्टला लागली. लग्नाच्या आधी. ऑफिसात माणसं गोड बोलायची आणि पाच वाजता घरी जायची. शुक्रवारी संध्याकाळी तोंड मिटलं की सोमवारीच उघडायचं. एका शनिवारी पाऊस लागला म्हणून एका हॉलमध्ये शिरले, तर आत पंधरा म्हातारे आणि मधोमध एवढुसं स्टेशन. एकानं न विचारताच हातात चिमटा दिला. म्हणाला, हा दिव्याचा खांब धर जरा, माझे हात हलतात. नाव नंतर विचारलं, चहाच्या वेळी. तिथे मला काहीतरी येतंय असं वाटायचं, आई. आत्ता ह्या दहा महिन्यांत मला तसं फक्त ह्या खोलीत वाटलंय.

लीलावती : अनिशचं सगळं येतं की तुला.

ऋजुता : त्याचं काही येत नाही हो मला. रोज नवीन काहीतरी चुकतं. तो माझा जीव आहे, पण... ऐका. उठलाच बघा.

लीलावती : उठला.

ऋजुता : झालं. आता रात्री झोपेपर्यंत तो मला सोडत नाही.

लीलावती : किती वाजले?

ऋजुता : दोन वाजून दहा मिनिटं.

लीलावती : अकरा डब्यांना धूळ लावायला किती वेळ?

ऋजुता : अकरा होणारच नाहीत. शक्य नाही.

लीलावती : चार तासांत किती होतील ते सांग.

ऋजुता : चार. फार तर पाच.

लीलावती : तर पाचच ने. त्या म्हाताऱ्या बुवांना सांग, बाकीचे माझ्या सासूनं धुतले. काय म्हणतील?

ऋजुता : पण चार तास आणणार कुठून? तुम्ही त्याला खाली घेऊन बसलात तरी तो जिन्याकडे बघून रडणार.

लीलावती : घरात बसलं तर रडणार. बाबागाडी काढ. टोपी कुठं आहे त्याची? अन् दुधाची बाटली भर.

ऋजुता : कुठे जाणार? तुम्ही तर एकट्या कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही. तिथली बाई काय बोलते ते कळत नाही म्हणता.

लीलावती : बसमध्ये कोण बोलते? समोरून ती निळी बस जाते नं, तिच्यात बसायचं. शेवटपर्यंत जायचं. ड्रायव्हर उतरा म्हणाला की उतरायचं, अन् तीच बस पकडून परत यायचं. परत आलो की पुन्हा जायचं. हलतं राहिलं की झोपतो तो.

ऋजुता : आई, नको. तुम्ही हरवलात तर?

लीलावती : रूट ठरलेला आहे तिचा, हरवते कशी? चिठ्ठीवर पत्ता लिहून दे अन् फोन नंबर.

ऋजुता : दिवसभर चालेल असं तिकीट मागताना "डे टिकेट" म्हणा. एवढंच. डे टिकेट.

लीलावती : डे टिकेट. अन् भांडणबिंडण करायचं नाही मिलिंदशी फोनवर, वेळ जाते त्यात. त्याला मी पाहते नंतर.

ऋजुता : आई, स्वेटर घाला. बाहेर वारा आहे.

लीलावती : घातला. सहाच्या आधी बेल वाजली, तर आम्ही असलो तरी दार उघडू नको.