चुन्याच्या रेघेवरचा जफर

अध्यक्षस्थान शोभविणारे वकीलसाहेब नरहरपंत, मंचावर बसलेल्या मुख्याध्यापिका विमलताई, खाणीतली पाळी संपवून हातपाय धुऊन तसेच इकडे आलेले बांधव, मागच्या सतरंजीवरच्या आयाबहिणी, आणि ज्याच्यासाठी आपण जमलो तो आपल्या राजूरचा लेफ्ट आऊट, जफर,

मी वामन, किराणा दुकानदार. माझी अक्षरओळख पुडे बांधायच्या रद्दीवर झाली. तेव्हा भाषणात शोभा कमी असली तर मनावर घेऊ नका.

जफर उद्या नेरला जातो आहे, मामाच्या सायकलच्या दुकानात हाताखाली. वय चोवीस. या वयात फुटबॉलवाल्याला निरोप देतात का हो?

त्याचं पळणं पाहिलं नाही असं इथं कोण आहे? बूट त्याला जड वाटत, म्हणून अनवाणीच खेळे. चेंडू मिळाला की कडेच्या रेघेला धरून सुटायचा, आणि मागे लागलेले गडी कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. मध्यंतरानंतर टीम बाजू बदलते, म्हणजे डाव्या कडेनं खेळणारा जफर मैदानाच्या पलीकडे जातो. तर लोकही उठून पलीकडे जायचे. लखीराम चहावाला पेटती शेगडी उचलून न्यायचा. मारेगावची मंडळी चिडून विचारायची, "तुमी मॅच पाह्यले येता का जफरले?" आम्ही म्हणायचो, "जफरले. मॅच तं तुमी पाहून राह्यले."

मागच्या पौषात, म्हणजे त्रेसष्टच्या सुरुवातीला, चांद्याच्या टीमशी सामना ठरला. नागपूरहून खेळाडू निवडणारे पाहुणे येणार होते. जफरचे वडील रहमतभाई इथल्या चुनाभट्टीवर कामाला. मैदान नेहमी तेच आखायचे, विझवलेल्या जुन्या चुन्याने. त्या दिवशी मात्र भट्टीतून ताज्या कळीच्या चुन्याची भुकटी घेऊन आले. मला म्हणाले, "वामनभाऊ, जुना चुना मळका दिसते. पाहुण्यायले पोराची लाईन दुरून दिसली पाह्यजे." पाणी लागलं की हा चुना भाजतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण आभाळ कोरडं होतं, आणि बापाला त्या दिवशी दुसरं काही सुचत नव्हतं.

मध्यंतरानंतर अवकाळी सर आली. रेघेतून वाफ निघू लागली. रहमतभाईंनी ती पाहिली नाही. ते पोराकडे पाहत होते. जफर त्या रेघेवरूनच पळत राहिला. तळपाय पळून पळून तापले, असं त्याला वाटलं. शेवटचा गोल त्याच्याच पासवर झाला. पाहुणे म्हणाले, "याला नागपूरला पाठवा." आम्ही त्याला खांद्यावर बसवून घरी नेलं. तिथं आयशाबी लेकाच्या पायांवर पाणी घालू लागल्या, तर तळव्यांची कातडी पाण्याबरोबर सुटून आली.

डॉक्टरांनी पाय वाचवले. पळणं नाही वाचलं.

रहमतभाईंनी भट्टी सोडली. मैदानाच्या वाटेनं जात नाहीत. पोराला 'जेवला का' एवढंच विचारतात, आणि पोरगा काही बोलू लागला की उठून बाहेर जातात. म्हणून काल जफर दुकानात आला. म्हणाला, "काका, अब्बा घरी आयकून घेत नाही. सभेत तरी आयकतीन. तुमी सांगा."

रहमतभाई, तुम्ही दाराशी उभे आहात, दिसता मला. तुमच्या लेकाचे शब्द जसेच्या तसे सांगतो: "त्या पान्यात मले ना गोल दिसे, ना मानूस. अब्बाची लाईन तेवढी दिसे. जिंदगीत तसा कधी पळालो नाही."

आत या, रहमतभाई. हार तुमच्या हातून घालायचा आहे.

...राहू द्या, कोणी ओढू नका त्यांना.

अध्यक्षसाहेब, आपली परवानगी असेल तर जफरच हार घेऊन तिकडे जाईल. आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात कमीजास्त गेलं असेल तर घरचा म्हातारा समजून सोडून द्या.

जा, जफर. मंडळी, त्याला जरा वाट द्या. दारापर्यंत पोचायला त्याला आता वेळ लागतो. तोवर आपण कोणी उठायचं नाही.