बापूशेट घर बघायला आले

हसू नका, पण आमचं दिवेआगरचं घर मी विकल्यातच जमा होतं. बाळ यायच्या आत मुंबईला बिऱ्हाड करायचं, हा माझा हट्ट. श्रीवर्धनचे बापूशेट बायकोला घेऊन घर बघायला आले. ते भिंती ठोकून बघतायत तोच आमच्या हिला कळा सुरू! शेटाणीनेच पदर खोचून बाळंतपण केलं. मुलगी झाली. मी चुलीवर पाणी तापवत होतो, म्हणून बापूशेटांनीच कुदळ घेतली आणि दारातल्या माडाखाली पोरीची नाळ पुरली.

ते हात धुऊन आले तसं मी विचारलं, "मग शेट, सौदा पक्का ना?"

"येडा हायस काय? नाळ पुरलेलं घर कुणी इकतं व्हय? आता मालकीण आत रडतेय, तिला इचार!"