कोरा बर्फ

रादोमान: ये, आधी चौकीचं दार लाव, वारा आत येतोय. फोन कुठं होता तुझा?

तियाना: बारा वाजता स्की केंद्राच्या पानावर फोटो टाकला आणि थंडीत फोन मेलाच. झाब्ल्याकच्या बाजारात चार्जिंगला लावला, तेव्हा तुमचे अकरा कॉल दिसले. काय झालं, रादोमान काका?

रादोमान: दानिलो सापडत नाहीये. साडेनऊला लिफ्टनं वर गेला. अकराला पोरांना स्की शिकवायचं होतं, तिकडं आलाच नाही. फोन घरी उशाशी पडलाय.

तियाना: तुमचा भाचा? अहो, तो डोळे मिटून खाली येईल या डोंगरावरून.

रादोमान: त्याच मिजाशीत गेला असेल. धोक्याच्या दोरीपलीकडं जाऊ नको सांगून सांगून माझा घसा बसला. तिकडं बहीण माझी मक्याचा काचामाक ढवळत बसलीय. भांडं चुलीवरून उतरवायला तयार नाही. पोरगं उपाशी येईल म्हणते.

तियाना: शोधायला कोण गेलंय?

रादोमान: मिलोन्या आणि बचावपथकाचे सात जण. पूर्वेच्या उतारावर. दुपारच्या वाऱ्यानं स्कीचे सगळे माग पुसून टाकलेत. नशीब, तुझा फोटो होता. निम्मं काम त्यानंच वाचवलं.

तियाना: कुठला फोटो?

रादोमान: हा काय, तू बाराला टाकलास तो. अख्खी लांडगेघळ आलीय, काठापासून तळापर्यंत. कोरा बर्फ. म्हटलं, इथं कुणी उतरलेलंच नाही, तर तिथं माणसं कशाला घालवा? सगळी पूर्वेला पाठवली. काय गं? बस, बस. चेहरा बघ केवढा उतरलाय.

तियाना: कधी पाठवलीत?

रादोमान: एकला. आता साडेतीन. तासाभरात उजेड जाईल.

तियाना: काका, तिथे माग होता.

रादोमान: कुठं?

तियाना: लांडगेघळीत. एकच होता. मी पुसला.

रादोमान: पुसला म्हणजे?

तियाना: फोटोतून. फोनवर बोट फिरवलं की जातो. दोन मिनिटांचं काम.

रादोमान: म्हणजे देवानं दिलेला बर्फ तुला पुरेना? फोटो देखणा व्हावा म्हणून माणसाचा माग पुसलास?

तियाना: तुम्हीच सांगितलं होतं.

रादोमान: मी?

तियाना: गेल्या फेब्रुवारीत. ते दोन पाहुणे घळीत अडकले होते तेव्हा, याच टेबलाशी. म्हणालात, तुझ्या फोटोत माग दिसला की मेंढरांसारखी माणसं त्याच्यावरून उतरतात. दोरीपलीकडचा माग दिसला तर पुसत जा. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोत पुसते. आता हाताला सवयच झालीय. कुणाचा आहे ते बघतही नाही.

रादोमान: म्हणालो होतो.

तियाना: काका...

रादोमान: म्हणालो होतो आणि विसरलो. तासभर हा फोटो डोळ्यांसमोर धरून बसलो होतो मी, आणि एकदाही आठवलं नाही. मूळ फोटो आहे?

तियाना: कॅमेऱ्यात आहे. थांबा, काढते. हा बघा. दहा चाळीसचा.

रादोमान: मोठा कर. अजून. माग आत जातोय. खाली झाडीपाशी बाहेर निघालेला नाही.

तियाना: टोकाला हा लाल ठिपका आहे ना, मला दगड वाटला. मागाबरोबर तोही पुसला मी.

रादोमान: आपल्या डोंगरात लाल दगड कुठून येणार, पोरी? जाकीट आहे ते. नाताळला मीच घेऊन दिलंय. (वायरलेस उचलून) मिलोन्या, ऐकतोयस? आहे तिथलं सोड. लांडगेघळीत जा. काठावरच्या मोडक्या पाइनच्या झाडाखाली, सरळ दोनशे पावलं. का ते विचारू नकोस. चूक माझी आहे.

तियाना: तुमची नाही, माझी आहे.

रादोमान: वाटणी नंतर करू. तो चहा घे, हात शेकतील.

(चाळीस मिनिटांनी वायरलेस खरखरतो.)

मिलोन्या: सापडला. जिवंत आहे. मांडीचं हाड मोडलंय, ओठ निळे पडलेत, पण शिव्या घालतोय.

रादोमान: कुणाला?

मिलोन्या: तुला. एवढा उशीर का लावलास म्हणून.

रादोमान: घालू दे. पण झाडी तर शंभर पावलांवर होती. सरपटत तिथवर आला असता, तर लिफ्टवाल्यांना हाक ऐकू गेली असती.

मिलोन्या: तेच विचारलं. म्हणतो, पडलो तेव्हा समोरच्या कड्यावर तियाना उभी होती. कॅमेरा थेट माझ्यावर. फोटोत आलो म्हणजे मामाला कळणारच. म्हणून जागचा हललो नाही.

रादोमान: पाच तास?

मिलोन्या: पाच तास. आधी तियानाचे आभार मानायला सांगतोय. आहे का ती तिथं?

रादोमान: आहे. सगळं ऐकतेय.