रंजीचा भाकरतुकडा

मी तशी खारपानाची. दर्यापूरच्या खाली माहं माहेर, तथी विहिरीचं पानी असं का डाळ शिजे नाई आन चहा फाटे, आन लगन होऊन इथी आली, नरनाळ्याच्या पायथ्याशी, तं सासूनं पहिल्या दिवशी गडवाभर पानी देल्लं थे मी पेतच राह्यली, सासू म्हने काय व, माहेरी पानी नोतं काय, मी म्हनलं पानी होतं आत्याबाई, पन असं गोड नोतं. तवापासून इथीच. वावर हाय, कपाशी, सोयाबीन, दोन म्हशी, पोरगा अकोल्याले नोकरीवर, आन एक पोरगी, रंजी. तुमी आल्या बाई सायकलवाल्याइच्या जेवनाचं इचाराले आन मी रंजीचीच गोठ सांगीन, काय करू, मले ते दोन वेगळं करता येत नाई.

किल्ल्याचं म्हनाल तं आमाले त्याचं काय कवतिक. रोज उठून दिसतेच. बाया सीताफळं आनाले जात, दर्ग्यावर नवस फेडाले जात, इथल्या कोन्या बाईनं किल्ला पाहाचा म्हनून किल्ला पायला असन असं मले नाई वाटत. मंग हे सायकलवाले येऊ लागले. बाळापूरच्या किल्ल्यापासून निघतात म्हने, तथून अकोट, अकोटावरून आमचा नरनाळा, मंग परतवाड्यावरून वर चिखलदऱ्याले, गाविलगडापर्यंत. बरं, घरी मोटारी असलेले लोक. पहिल्यांदा आले तवा एकाची चेन तुटली होती, अकोटचे रहमानभाई सायकलवाले फटफटीवर दुरुस्तीले आले, त्याईनंच मले हाक मारली, भाभी, इन लोगों को दो-दो भाकर मिलेगी क्या. उपाशी मानूस दारात आन तवा चुलीवर, नाई कसं म्हनता येते. तवापासून चालूच हाय. दिवाळी झाली का महाशिवरात्रीपर्यंत, भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, जवसाची चटनी, ताक. रहमानभाई आधी फोन करतात, मी पीठ मळते.

त्याईच्यात पोरीबी असतात. मांडीपर्यंत काळी चड्डी, आंगाले चिकटलेली, डोक्यावर थे टोपडं, डोयावर काळा चष्मा. आमच्या शेजारनी पदर तोंडाले लावून हासत, तं मीच त्याईले बोलली का तुमी चाळीस कोस सायकल हाना आन मंग हासा. खरं सांगते, लोकाच्या पोरीइले म्या कदी नाव ठेवलं नाई. हे ध्यानात ठेवा तुमी, पुढं कामी येईन.

आन रंजीले सायकल शिकवली कोनं? म्याच. सातवीपर्यंतच शाळा इथी, पुढं अकोट, आन यष्टी येई तं येई. याईची, म्हंजे रंजीच्या बापाची, मोठी सायकल होती, नळीच्या खालून पाय घालून चालवे पोट्टी, आन मी मांगून कॅरियर धरून धावे, लुगड्याचा काचा मारून, याच रस्त्यावर, थ्या वडापासून तं फाट्यापर्यंत. गाव म्हने पोरगी हातची जाईन. माहे भासरे, म्हंजे याईचे मोठे भाऊ, आठ दिस बोलले नाई माह्याशी. मी म्हनलं नका बोलू. पडली, गुडघे फोडले, रडली नाई. शिकली, पुन्याले नोकरीले लागली, लगन झालं, जावई दर्यापूरकडचे, तेबी पुन्यालेच. चांगलं झालं सारं.

आमच्याकडं अशी रीत हाय का लेक दुरून आली का तिले सरळ घरात घेत नाई. उंबऱ्याभाईर उभी करायची, भाकरीचा तुकडा आन पानी तिच्यावरून ओवाळायचं, तुकडा रस्त्याकडं फेकून द्याचा, डोये पुसायचे, मंग आत घ्याचं. रंजी कितीबी वेळा आली तरी म्या हे चुकवलं नाई. थे हासे, माय, यष्टीनं आली, कोनाची नजर लागन मले, मी म्हनो उभी राय गुमान.

तं यंदाच्या दिवाळीनंतरची गोठ. रहमानभाईचा फोन आला, भाभी, आज के मेहमान देखके खुश हो जाओगे. मले काय समजे. मी भाकरी थापून राह्यली. आन त्याच दिवशी, पाहा नशीब कसं असते, रंजीचे मामेसासरे आले, जावयाचे सख्खे मामा, दर्यापूरहून, घरच्या लग्नाची पत्रिका घेऊन. पांढरं धोतर, पांढरी टोपी. ओसरीत खाटेवर बसवलं, भासरेबी येऊन बसले जवळ, चहा झाला. हे अकोटच्या जिनिंगवर गेले होते कापूस घेऊन. तेवढ्यात सायकली आल्या.

एक पोरगी सारी गर्दी सोडून पुढं आली, सायकल वडाले टेकवली, चष्मा काढला. रंजी. माही रंजी. तशीच काळी चड्डी, मांड्या उघड्या, उन्हानं तोंड लाल, आन हासून राह्यली असं का जसं शाळेतून पहिला नंबर घेऊन आली. माह्याकडं येयाले निघाली. आन मी ओसरीकडं पायलं. मामेसासऱ्याच्या टोपीकडं पायलं. बाप्पा, काय सांगू तुमाले, तोंडातून जे निघालं थे असं निघालं का या बाई, बसा, तुमी हात धुवून घ्या, पानी तथी हाय.

बाई म्हनलं म्या तिले. तुमी म्हनलं. जल्मापासून अरे-कारे, रंजे, टवळे, आन तुमी.

तिचे पाय थांबले. ओसरीत कोन बसलं हाय थे तिनं पायलं, माह्याकडं पायलं, आन समजून गेली, हुशारच होती लहानपनापासून. म्हने, हो मावशी. बाकीचे मले मावशीच म्हनतात. थेबी म्हनली.

मंग पंगत बसली. म्या वाढलं सगळ्याइले, तिलेबी वाढलं, तिच्या ताटात लोनी जास्त घालाचं मन झालं आन हात मांग घेतला, कोनाले दिसन म्हनून. तिनं खाली मान घालून खाल्लं. रोज हासतात-खिदळतात हे लोक, भरीत कसं केलं मावशी इचारतात, थ्या दिवशी कोनी शब्द बोललं नाई, मले वाटलं थकले असतील. तिनं आपलं ताट उचललं, घासलं, पालथं घातलं जसं घरी घाले, जागच्या जागी. थे जागा बाहेरच्या मानसाले काहून मालूम असन, एवढंबी मले तवा सुचलं नाई.

निघते वेळी एक पोरगी मांग राह्यली, माह्या पाया पडली, आन हळूच म्हने, काकू, रंजना रस्ताभर तुमच्याबद्दल सांगत होती, तुम्ही सायकलमागं कशा धावायच्या ते, आम्हाला वडही दाखवला तिनं. म्हंजे मालूम होतं सगळ्याइले. हे रंजीचं घर, हे तिची माय, सारं मालूम होतं, आन माह्या हातची भाकर खाऊन मान खाली घालून बसले होते सारे, माही इज्जत ठेवाले. मी तथीच उभी, हातात ताकानं भरलेला गंज. रंजी मांग वळून पाहीन वाटलं. गेली सरळ, उभी राहून पायडल मारत, चढाच्या रस्त्यानं.

ओसरीत आली तं मामेसासरे टोपी नीट करून उठले. म्हने, इहीनबाई, सूनबाई मस्त सायकल चालवते, आमी फोनवर फोटो पाहातो ना तिचे, घरी सारे पाहातात, आज तुमी बोलल्या नाई तं मीबी नाई बोललो. भासरे पानाचा डबा उघडून बसले. भूमी फाटते म्हनतात ना, तसं झालं मले. ज्याच्यासाठी लेक परकी केली त्याले तं काही वाटलंच नाई, आन लाज सारी माह्या एकटीच्या पोटात.

संध्याकाळी हे आले अकोटहून. फाट्यावर कोनी तरी सांगितलं होतं याईले. चपला काढताकाढता म्हने, रंजी येऊन गेली म्हनते, ओवाळलं काय? मी पदर तोंडात धरला. दुसरं काही इचारलं नाई याईनं, आजवर नाई इचारलं.

चार दिसानं म्या फोन लावला. थे नीट बोलली, जेवली का माय, म्हशी कशा हायत. मंग म्हने, तुले लाज वाटली ना माय? मी म्हनलं हो. खोटं कशाले बोलू, लेकीसंगं. थे म्हने मंग आधी सांगून ठेवाचं, मी मागच्या रस्त्यानं गेली असती, तुह्या दारावरून नसती आली. रागानं म्हनली असती तं मी भांडली असती, मले भांडता येते. पन थे रागानं नाई बोलली व. जावयाचा फोन येते, तिचाबी येते, सनाले खुशाली इचारतात. घरी मातर आली नाई अजून. बघू माय म्हनते.

आता रहमानभाईचा फोन आला का मी तव्यावरची पहिली भाकर बाजूले काढते. तुकडा आन गडवा घेऊन फाट्यावर जाऊन उभी राहते. हासतात गावातले, हासू द्या. थे टोपडं, थो चष्मा, दुरून सारे सारखेच दिसतात, कोन पोरगी, कोन पोरगा, कोन आपली समजत नाई, म्हनून जो येईन त्याले थांबवते, त्याच्यावरून ओवाळते, तुकडा फेकते, मंग म्हनते चला, भाकरी गरम हायत. त्याईले गंमत वाटते, फोटो काढतात. काढा म्हनते. त्याईच्याबी माय दूर असतात, त्याईच्या वतीनं एवढं तरी पोहचो.

परवा पुन्हा येऊन राह्यले म्हने. रंजी हाय काय त्याईच्यात, थे रहमानभाईले इचारलं नाई म्या, इचाराची लाज वाटते. तुमी पुन्यालेच राहाता ना बाई? एवढं मोठं शहर, पन भेटली कुठी तं सांगजा. म्हना, तुही माय फाट्यावर उभी असते. मागच्या रस्त्यानं नको जाऊ म्हना.