खर्चाची सतरावी ओळ

कुलदीप: ही सतरावी ओळ काय आहे, रुचिता?

रुचिता: वाच ना. मराठीतच लिहिलीय.

कुलदीप: वाचली म्हणूनच विचारतोय. "सुजित : हॉस्पिटल, नकली पाय, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत पगार." अगं, हे सॉफ्टवेअरचं बजेट आहे! चार वाजता बँकेचा माणूस येतोय न्यायला. त्याला सुजितचा पाय कशाला दाखवतेस?

रुचिता: बँकेनं पत्रात काय विचारलंय? नवीन सिस्टिम बसवायला आत्तापर्यंत एकूण किती खर्च आला आणि पुढे किती येणार. लायसन्स लिहिलं, सर्व्हर लिहिला, ट्रेनिंग लिहिलं. हाही खर्च त्याच सिस्टिमचा. लिहिला.

कुलदीप: पाय कार्ले खिंडीत गेला. कॉम्प्युटरात नाही गेला.

रुचिता: गाडी खिंडीत गेलीच का? गेटवर स्क्रीनवर हिरवा दिवा दिसला म्हणून गेली.

कुलदीप: हळू बोल. बाहेर ड्रायव्हर बसलेत.

रुचिता: बसू देत. त्यांना माहीत नाही असं वाटतं तुला? सतरा दिवस झाले, एकही ड्रायव्हर माझ्या टेबलावरचा चहा घेत नाही. पगाराची सही करतात आणि निघून जातात.

कुलदीप: हे बघ, मी भांडायला आलो नाही. ती ओळ काढ, प्रिंट मार, मी सही करतो. बँकेकडून कर्जाचा दुसरा हप्ता आला की सॉफ्टवेअरवाल्यांचे उरलेले चौदा लाख जातात. नाही गेले तर ते सिस्टिम बंद करतील. मग गेटवर गाड्या उभ्या. शिपिंग कंपनी एक दिवस थांबणार नाही, समजलं ना? चव्वेचाळीस गाड्या आहेत. शंभर घरं चालतात यावर.

रुचिता: एक घर कमी कर. नव्व्याण्णव म्हण.

कुलदीप: रुचे!

रुचिता: ओरडू नकोस. बजेट मी केलं होतं. पहिलं, अडतीस लाखांचं. आठवतं? त्यात दोन ओळी होत्या. दिनानाथकाकांच्या दुरुस्तीच्या वह्या कॉम्प्युटरात भरायला माणसं, दोन लाख दहा हजार. आणि दोन महिने वही आणि कॉम्प्युटर दोन्ही सोबत चालवायला, एक लाख सत्तर. तू माझ्यासमोर पेन घेतलंस आणि दोन्हींवर काट मारलीस. काय म्हणालास तेव्हा?

कुलदीप: मला नाही आठवत.

रुचिता: मला आठवतं. "दोन बायका केल्यासारखं दोन सिस्टिम कोण सांभाळणार?" आणि तो सॉफ्टवेअरवाला पोरगा खो खो हसला. मीही हसले.

कुलदीप: मग काय करायला हवं होतं मी? सांग ना! शिपिंग कंपनीनं लेखी दिलं होतं. एक तारखेपासून प्रत्येक गाडी कुठे आहे, डिझेल किती, दुरुस्ती कधी झाली, सगळं ऑनलाइन दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर काम दुसऱ्याला. तिकडे तो दुसरा दाराशी उभाच होता. आणि बँक बत्तीसच्या वर एक रुपया द्यायला तयार नव्हती. अडतीसचे बत्तीस कुठून करायचे होते? लायसन्स कापू? सर्व्हर कापू? जे कापता येत होतं ते कापलं.

रुचिता: तुझ्या ऑफिसचा एसी कापता येत होता. तोही त्याच बजेटात घातलास. "सर्व्हरला गारवा लागतो" म्हणून.

कुलदीप: लागतो.

रुचिता: सर्व्हर माझ्या खोलीत आहे, दादा. पंख्याखाली.

कुलदीप: बरं. झालं? काढलंस उट्टं? आता माझं ऐक. उद्या इन्शुरन्सचा सर्व्हेअर येतोय. ट्रेलरचे बावीस लाख अडकलेत. बँकेचा आणि इन्शुरन्सचा माणूस एकाच गावचे, एकत्र जेवतात. या कागदावर तू लिहिलंयस, "जुन्या नोंदी न भरल्यामुळे." हे चार शब्द सर्व्हेअरच्या हातात गेले ना, तर बावीस लाख पाण्यात. मालकाचा हलगर्जीपणा म्हणतील आणि क्लेम फेटाळतील.

रुचिता: म्हणून तू पोलिसांना सांगितलंस की सुजित वेगात होता?

कुलदीप: कोण म्हणालं?

रुचिता: क्रांती. त्याची बायको. पनवेलच्या हॉस्पिटलात पोलीस त्याचा जबाब घ्यायला आले. म्हणाले, तुझ्या मालकानं लिहून दिलंय, गाडी ठणठणीत होती, ड्रायव्हर भरधाव होता. त्याला अजून शुद्ध धड नव्हती. तिनं ते ऐकलं. मला फोन केला. रडली नाही ती. फक्त विचारलं, "मॅडम, हे तुमाला म्हायती व्हतं?"

कुलदीप: तू काय सांगितलंस?

रुचिता: काय सांगणार? फोन ठेवला आणि ही ओळ लिहिली.

कुलदीप: केस उभी राहील, दोन वर्षांनी मिटेल. दंड होईल, तो मी भरेन. त्याला भरपाई मिळणारच आहे, ती वेगळी पॉलिसी आहे. त्याचं नुकसान काय होतं?

रुचिता: अकरा वर्षं गाडी चालवली त्यानं. साधा आरसा फुटला नव्हता. त्या दिवशी ब्रेक लागत नाही म्हटल्यावर समोरून येणाऱ्या रिक्षेला वाचवायला गाडी डोंगरात घातली. रिक्षेत पाच माणसं होती. उद्या त्याच्या पोरीला कुणी विचारलं, तुझ्या बापाचा पाय कसा गेला, तर तिनं काय सांगायचं? भरधाव होता?

कुलदीप: आणि तारखा कुणी भरल्या, रुचिता?

रुचिता: काय?

कुलदीप: मी गप्प होतो. सतरा दिवस गप्प होतो. आता तूच काढलंस म्हणून विचारतो. "शेवटची ब्रेकदुरुस्ती" या रकान्यात चव्वेचाळीस गाड्यांपुढे एक तारीख कुणी टाकली? सिस्टिममध्ये नाव दिसतं. कुणाच्या नावानं एन्ट्री झाली?

रुचिता: माझ्या.

कुलदीप: मोठ्यानं बोल. बाहेर ड्रायव्हर बसलेत ना?

रुचिता: माझ्या! मी भरल्या. रकाना रिकामा ठेवला तर सिस्टिम पुढे जात नव्हती. तो पोरगा म्हणाला, "मॅडम, कुठलीही तारीख टाका, नंतर बदलता येते." सकाळचे अकरा वाजले होते, गेटवर नऊ गाड्या उभ्या, तू दर पाच मिनिटांनी फोन करत होतास. मी टाकली. एकदा टाकली आणि खाली ओढली. चव्वेचाळीस. दोन सेकंद लागले. नंतर बदलायच्या होत्या. नंतर म्हणजे कधी? माणसं तू कापली होतीस.

कुलदीप: म्हणजे अर्धं माझ्यावर, अर्धं माणसं नव्हती म्हणून. तुझ्यावर काहीच नाही.

रुचिता: सगळं आहे. म्हणून तर लिहितेय! तुला काय वाटतं, तुला अडकवायला ती ओळ लिहिली? तिच्याखाली नाव वाच. "नोंद करणारी : रुचिता धर्माजी." वाच ना.

कुलदीप: मूर्ख आहेस तू. तुझ्या नावानं लिहिलंस तर कंपनी सुटते का? भागीदार आहेस तू. तीस टक्के.

रुचिता: मग तीस टक्के पाय माझा.

(दार ढकलून दिनानाथ आत येतात. गेली अठ्ठावीस वर्षं ते वर्कशॉप सांभाळतात.)

दिनानाथ: खाली गेटपावत आवाज येतोय तुमचा.

कुलदीप: काका, नंतर या. आम्ही बोलतोय.

दिनानाथ: मी बी बोलायलाच आलोय. बस तू.

कुलदीप: मला वेळ नाही. ती दुरुस्तीची वही कुठे आहे? सकाळी मागितली होती तुमच्याकडे. कपाटात नाही ती.

रुचिता: वही कशाला हवी तुला?

कुलदीप: जपून ठेवायला.

रुचिता: जपून? की सर्व्हेअर यायच्या आधी वर्कशॉपच्या शेगडीत?

दिनानाथ: वही माज्यापाशी हाय, बाय. घरी हाय. भांडू नका त्याच्यावरना.

कुलदीप: घरी? कंपनीची वही घरी नेली? कुणाला विचारून?

दिनानाथ: कुनाला इचारू? तूच बोल्लास ना, एक तारखेपासना वही बंद. वही गेली रद्दीत. मंग रद्दी मी घरी नेली.

कुलदीप: घेऊन या. आत्ता. गाडी देतो.

दिनानाथ: आनतो. पन आदी ऐक. त्या गाडीचा पान, ब्रेकचा, मी आज सकाली पोलीस ठाण्यात देऊन आलो. पान म्हनजे झेराक्स. खरा पान वहीत हाय. त्यांनी बगितला, शिक्का मारला. जबाब दिला मी.

कुलदीप: काय केलंत?

दिनानाथ: जा घडला ता सांगितला. ब्रेकचे लायनर पार झिजलेले, दोन तारखेला गाडी आत घ्यायची व्हती, वहीत लाल पेन्शिलीनं "थांबव" लिवलेला व्हता. नऊ तारखेला मी गेटवर सांगितला, ही गाडी भरू नको. गेटवाला बोल्ला, स्क्रीनवर ओके हाय. मी तुना फोन केला. तू बोल्लास, "काका, आता तुमचं वहीचं राज्य संपलं, मध्ये येऊ नका." ता बी सांगितला.

कुलदीप: अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं इथलं मीठ खाल्लंत आणि माझ्याच विरुद्ध पोलिसांत गेलात?

दिनानाथ: मीठ? कुलदीप, मिठाची गोष्ट मना नको सांगू. तुजा बाप नि मी एकाच मिठागरात मीठ ओढायचो. पाय चिरायचे, त्याच्यात खारा पानी जायचा. पयला ट्रक घेतला तवा धर्माजीकडं पैसे कमी पडले. माज्या बायकोची गल्यातली सोन्याची माल इकली नि त्याच्या हातावर पैसे ठेवले. त्यानं सा महिन्यांत परत केले, मी बोल्लो नको तरी केले. कुनी कुनाचा मीठ खाल्ला ता इचारायला त्याला उठवून आन.

कुलदीप: बाबांचं नाव मध्ये आणू नका.

दिनानाथ: तू बोर्डावर लावलंय ता नाव. मी न्हाय आनला.

रुचिता: काका, मला का नाही सांगितलंत? मी आले असते ठाण्यात. तारखा मी भरल्यात, ते कुणी सांगितलं का तिथे?

दिनानाथ: ता मी न्हाय सांगितला. ता तुजा तू सांग.

रुचिता: सांगते. आजच जाते.

कुलदीप: जा! सगळे जा! बावीस लाख गेले, बँक गेली, उद्या शिपिंग कंपनी जाईल. गाड्या विकून सुजितला पगार द्या. त्या शंभर घरांना मी नाही, तुम्ही दोघं उत्तर द्या. कळतं का तुम्हाला, मी रात्रंदिवस कशासाठी धावतो? मला काय हौस होती ते सॉफ्टवेअर आणायची? नाही आणलं तर संपलो, आणलं तर तुम्ही संपवताय!

दिनानाथ: झाला?

कुलदीप: नाही झाला!

दिनानाथ: मंग बोल. मी बसलोय.

कुलदीप: ...त्यांनी काय म्हटलं, ठाण्यात?

दिनानाथ: तुना बोलावतील बोल्ले. तुजा पयला जबाब बदलायचा असला तर बदलता येतो, आपल्या पायानं आलास तर बरा, असा तो हवालदार बोल्ला. लय न्हाय बोल्ला. चांगला मानूस हाय.

रुचिता: दादा, बावीस लाख जातील, खरंय. मी हिशोब केलाय. पाच जुने ट्रेलर विकले तर सॉफ्टवेअरवाल्यांचे चौदा निघतात. खिंडीतली वजा केली तरी अडतीस गाड्या उरतात. शिपिंग कंपनीला सत्तावीस लागतात. आपण जगतो. बारीक होऊन, पण जगतो. आणि या वेळी काकांच्या वह्या भरायचे दोन लाख दहा हजार पहिल्या ओळीत आहेत. कुणी काट मारली तर मी सही करणार नाही.

कुलदीप: पाच ट्रेलर विकायचे म्हणजे पाच ड्रायव्हर घरी.

रुचिता: हो. त्यांना मी सांगेन. खोटं न बोलता.

कुलदीप: बँकेचा माणूस येईल चार वाजता.

रुचिता: येऊ दे. मी आहे.

कुलदीप: तो कागद... आहे तसाच देणार तू?

रुचिता: आहे तसाच. सही कर किंवा नको करू.

कुलदीप: पेन दे.

रुचिता: वाचलंस ना सगळं?

कुलदीप: दे गं पेन! वाचलं. सतरा वेळा वाचलं... घे. आता ओरडू नकोस माझ्यावर.

रुचिता: ओरडणार. अजून बरेच दिवस ओरडणार आहे.

कुलदीप: काका, वही राहू दे तुमच्याकडेच. सर्व्हेअरला उद्या तुम्हीच दाखवा. मी... पनवेलला जाऊन येतो. मग तिथून पोलीस ठाण्यात. रुची, चल माझ्यासोबत.

रुचिता: नाही. तू एकटा जा. सतरा दिवसांत एकदाही गेला नाहीस.

दिनानाथ: दुसऱ्या मजल्यावर हाय तो, जिन्याच्या उजवीकडं. क्रांती दाराशी बाकड्यावर बसलेली असते. आदी तिच्याशी बोल, मंग आत जा.

कुलदीप: ती मला ओळखते का? मी कधी भेटलो नाही तिला.

दिनानाथ: वलखते. आता चांगलीच वलखते.